डॉटच्या पुढच्या शब्दावर हरकत कशी घ्यावी

मंडळी, २०२६ ची फेरी आलीय. म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे पैसे भरायचे आणि डॉट कॉमच्या जागी डॉट आपल्याला हवं ते मागायचं, फी फक्त २ लाख २७ हजार डॉलर. तुमच्या माझ्याकडे एवढे कुठून असणार, पण नाराज होऊ नका, खरी मजा मागण्यात नाहीच, अडवण्यात आहे. उद्या तुम्ही एखाद्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून आयकॅनच्या सल्लागार समितीत जाऊन बसलात तर खालच्या सूचना जवळ असू द्या.

आधी देव शोधा. २०१२ च्या फेरीत क्रायस्लरने डॉट राम मागितलं. त्यांचा राम म्हणजे पुढे मेंढ्याचं डोकं लावलेला पिकअप ट्रक. आपल्या सरकारने लगेच हरकत घेतली, धार्मिक भावनांचा प्रश्न आहे. बरोबरच आहे, अमेरिकेत ट्रक विकायचा तर आधी रामायण वाचायला नको का?

देव नाही सापडला तर घरचेच अडवा. रिलायन्सने डॉट इंडियन्स मागितलं, हरकत कोणाची? भारताची.

नकाशा कायम उघडा ठेवा. टाटांनी डॉट टाटा मागितलं तेव्हा कळलं की मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत आहे, आता आणा त्यांची परवानगी.

एकेक कशाला, सौदीसारख्या घाऊक हरकती घ्या, डॉट गे तर आहेच पण खुद्द व्हॅटिकनने मागितलेल्या डॉट कॅथलिकवरसुद्धा.

दारूचा विषय निघाला, म्हणजे कोणी डॉट वाइन मागितलं, तर फ्रान्सला बोलू द्या.

आणि मुख्य म्हणजे कारण लिहून देऊ नका. डॉट अॅमेझॉन ब्राझील आणि पेरूने अडवलं, नदी आमची, जंगल आमचं, कंपनीचं कसलं नाव. (यात तथ्य होतं हो, मला विचाराल तर बरंच.) २०१३ ला डर्बनमध्ये समितीने एकमताने नको म्हटलं, २०१४ ला आयकॅनच्या बोर्डाने अर्ज फेटाळला, आणि २०१७ ला लवाद विचारतोय की समितीचं कारण काय, तर ते दिलेलंच नाही! मग बोर्डाने परत विचार करायचा, मग वाटाघाटी, कंपनी म्हणे आमची पुस्तकं वाचायची किंडल यंत्रं फुकट देतो, शेवटी २०१९ ला नाव कंपनीलाच. सात वर्षं गेली. तेवढ्यात आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागते, म्हणजे तलाठी भेटला तर.

शेवटची सूचना, नाव मंजूर झालं की त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. २०१४ ला वाजतगाजत देवनागरीतलं डॉट भारत आलं, मराठी कोकणीसकट. मी हौशी माणूस, दुकानाच्या नावाने घेतलं, ईमेलही देवनागरीत केला, कार्डं छापली. परवा एका सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला बसलो, सगळी कागदपत्रं २०० केबीच्या आत कोंबली, फोटो कापून कापून पासपोर्टएवढा केला, ईमेलच्या रकान्यात आपला आयडी टाकला, तर खाली लाल अक्षरात ‘प्लीज एंटर व्हॅलिड ईमेल’. परत टाकला, परत तेच, मग पेज आपोआप रिफ्रेश होऊन अपलोड केलेलं सगळं गायब, परत कॅप्चा, परत ओटीपी, आणि हेल्पलाइनवरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणते, सर जीमेलचा टाका ना.

अरे जीमेलचाच टाकायचा होता तर डॉट भारत काढलं कशाला? आमच्याकडून दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे कशाचे घेता? जगभरच्या बैठकांना माणसं पाठवून कुठला शब्द नको ते सांगता, आणि ज्या शब्दासाठी स्वतः टाळ्या घेतल्यात तो तुमच्याच फॉर्मला कळत नाही. ईमेलमध्ये इंग्रजी अक्षरंच पाहिजेत ही तपासणी ज्याने लिहिली आणि ज्याने तो फॉर्म न वापरता बिल पास केलं त्या दोघांना बसवा आणि देवनागरी आयडीने तोच अर्ज भरायला लावा, जमेपर्यंत उठू देऊ नका.

आणि आयटीवाल्यांनो, तुम्ही काय हसताय? तुमच्या कंपनीच्या साइटवर पण हीच बोंब आहे. जा, आत्ता टाकून बघा.