दप्तरं पुरे झाली, माणूस द्या

जून आला की फेसबुकवर फोटो सुरू होतात. मनपा शाळेचं आवार, मागे कंपनीचा बॅनर, पुढे नवी कोरी दप्तरं धरून उभी पोरं. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण मुंबई महानगरपालिका स्वतःच या मुलांना दप्तर, गणवेश, बूट, वह्या, छत्री धरून 27 वस्तू फुकट देते. (कधी कधी उशिरा देते, तो वेगळा विषय.) आमच्या गल्लीतल्या एका मुलाकडे तीन दप्तरं झालीत. एकात त्याची आई कांदे ठेवते.

पालिकेच्या शाळांना पैसाच नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. शिक्षणाचं बजेट वर्षाला 3 हजार कोटींच्या वर आहे. त्यातून वस्तूंची टेंडरं निघतात. पण ज्या कामाला पदच मंजूर नाही, त्याला माणूस कुठून मिळणार?

मी शनिवारी एका शाळेत गोष्टी सांगायला जाते. तिथे देणगीत आलेली फार सुरेख पुस्तकं होती. कपाटात, कुलपात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अहो ताई, डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे. एखादं हरवलं तर चार्ज देताना माझ्याकडून भरून घेतील." त्यांचंही चूक नव्हतं. पुढे एका ट्रस्टने वस्तीतलीच बारावी झालेली मुलगी मानधनावर नेमली आणि हरवलेल्या पुस्तकांची भरपाई आपण करू असं लिहून दिलं. ती पोरांना पुस्तकं घरी न्यायला द्यायची, फाटली तर त्यांच्याकडूनच चिकटपट्टी लावून घ्यायची. जोडाक्षर दिसलं की गप्प होणारा चौथीतला एक मुलगा दिवाळीनंतर "बहिणीला वाचून दाखवायचंय" म्हणून जादा पुस्तक मागायला लागला. मार्चमध्ये ग्रँट संपली, मुलगी गेली. कपाटाला पुन्हा कुलूप.

करार वर्षाचाच का? कंपन्यांच्या सीएसआरच्या (नफ्यातून समाजकामाला द्यायच्या पैशांच्या) नियमांत तर चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून 3 वर्षांची मुभा आहे. पण मानधनाला पैसे मागितले की कपाळावर आठ्या येतात. स्मार्ट टीव्हीवर नाव रंगवता येतं, ताईवर कसं रंगवणार!

बरं, ही काही माझी नवी कल्पना नाही. 'प्रथम' संस्थेची सुरुवात याच मुंबईत 1995 मध्ये झाली. त्यांच्या बालसखी वस्तीतल्याच तरुणी होत्या. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या शाळेच्या वेळेतच रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसत. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा रीतसर अभ्यास झाला, मुलांचे गुण वाढलेले दिसले. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं. वडोदऱ्यात कॉम्प्युटरवरच्या गणिताच्या खेळांनीही गुण वाढले, पण तेवढ्याच पैशात बालसखीकडून जास्त काम झालं.

"मग पालिका शिक्षक भरणारच नाही," असं कुणीतरी म्हणेलच. भीती खरी आहे. म्हणून रिकाम्या शिक्षकपदांवर देणगीचा माणूस बसवूच नये, ती जागा पालिकेनेच भरावी. मी बोलतेय ते ग्रंथालयातल्या ताईबद्दल, समुपदेशकाबद्दल, वाचनाच्या तासाला लागणाऱ्या जादा हाताबद्दल.

आणि देण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. आमच्याकडच्या आयांना विचारलंत तर त्या दप्तर मागणार नाहीत. गेल्या बैठकीत त्यांनी एकच मागितलं: शाळा सुटल्यावर दोन तास पोरांना बसवून घेणारं कुणीतरी, कारण त्या कामावरून सातला येतात.