प्रेताला काहीच करायचं नसतं

माझ्या टाचांना भेगा आहेत ही गोष्ट परवापर्यंत मी, माझी बायको आणि आमचं पायपुसणं एवढ्यांनाच ठाऊक होती. आता ती डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ४२ बिऱ्हाडांना ठाऊक आहे, आणि पुतणीच्या अख्ख्या वर्गालाही.

पुतणी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजचा प्रोजेक्ट होता थरारपटाची सुरुवातीची दोन मिनिटं करायची. नुसती सुरुवात. तिला एक प्रेत हवं होतं. "काका, तुम्हाला काहीच करायचं नाहीये, फक्त पडून राहायचं," असं ती म्हणाली आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग ह्यांच्यासारखा अनुभवी माणूस कुठे मिळणार!" झालं. निवड झाली.

रविवारी रात्री नऊ वाजता मी पार्किंगमध्ये उताणा. चार पोरं. एक दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यावर म्हणजे मोबाइलवर, एक खुनी आणि फाइल घेतलेली माझी पुतणी. फाइलमध्ये स्टोरीबोर्ड होता, म्हणजे एकेका शॉटचं चित्र. त्यात मी पाय फुटलेल्या बटाट्यासारखा दिसत होतो. माइक म्हणून दुसरा एक मोबाइल जळमटं काढायच्या काठीला रबरबँडने बांधला होता. ती काठी आमच्याच घरची. तिच्यावरची जळमटंही आमचीच, आणि ती माझ्या तोंडावर पडत होती.

रक्तासाठी चॉकलेट सिरप. हिचकॉकने १९६० साली 'सायको'त तेच वापरलं होतं, असं कॅमेऱ्यावरच्या पोराने मला ऐकवलं. खरं आहे. पण तो सिनेमा कृष्णधवल होता, आणि मी रंगीत होतो. मग तपकिरी रंग मारायला त्यात कुंकू कालवलं. मुंग्यांना कुंकवाचं काही वाटलं नाही. हिचकॉकने तो न्हाणीघरातला जेमतेम पाऊण मिनिटाचा प्रसंग चित्रित करायला सात दिवस घेतले होते. त्याच्या नटीला मुंग्या चावल्या असत्या तर दीड दिवसात आटोपलं असतं.

एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आल्या. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या मालवणच्या. झोप येत नाही म्हणून सोसायटीत जे चाललेलं असेल ते बघतात. खुर्ची त्यांनी बरोबर माझ्या डोक्याशी मांडली.

"तुला मारलं कोणी रे?"

"माहीत नाही, आजी."

"प्रेताने बोलायचं नाही!" दिग्दर्शक.

"मग तू सांग. कोणी मारलं?"

"ते अजून ठरलं नाहीये, आजी. आम्हाला फक्त सुरुवात करायचीये."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. कोणाच्या मयताला जाऊन आल्यावर तिथल्या व्यवस्थेबद्दल बोलतात त्या सुरात म्हणाल्या, "कोणी मारलं ते ठरलेलं नाही, का मारलं ते ठरलेलं नाही, आणि हा आपला मेलाय. वार कुठे झालाय?"

"पोटात."

"मग रक्त डोक्याखाली कसं?"

चौघांनी स्टोरीबोर्ड उलटापालटा केला. पुतणीने कशावर तरी काट मारली. आजी म्हणाल्या, "डोक्यातच घाला. माझा वरवंटा आणू?" खुन्याच्या हातात थर्माकोलचा सुरा होता. त्याने तो खिशात घातला आणि वरवंटा आणायला पहिल्या मजल्यावर गेला.

तो येईपर्यंत दिग्दर्शकाने आजींना थरार म्हणजे काय ते समजावलं. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना नसेल, तर १५ मिनिटं जीव टांगणीला लागतो. हेही हिचकॉकचंच.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याचं मरण त्यालाच नाही," आजी म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या वेळी डॉक्टरांनी असंच केलं. पाच महिने."

कोणी काही बोललं नाही. मुंगी कानात शिरत होती तरी मीही हललो नाही.

ही शांतता त्या रात्रीची एकमेव. ती टिपून घ्यायला हवी होती, कारण एडिटिंगला जागेची निव्वळ शांतता किमान ३० सेकंद रेकॉर्ड करून लागते, असं मला नंतर कळलं. तेव्हा काठीवाला मोबाइल बंद होता. मग पाऊण तास आम्ही ३० सेकंद शोधत होतो. कुकर, लोकलचा भोंगा, चौथ्या मजल्यावरची मालिका. एकाची गाडी रिव्हर्स घेताना आरती वाजवते. रात्री दहा वाजता देवाची आरती, तीही मागे जाण्यासाठी! मी गाडीवाल्याशी ह्यावरून दोनदा भांडलोय, पण मेलेल्या माणसाला ते काढता येईना. वर बघावं तर छताला ओल. ती पाइपलाइन गळतेय हे मी तीन वर्षं सभेत सांगतोय. दर महिन्याला २८०० रुपये मेंटेनन्स भरतो आणि थेंब बरोबर माझ्या भुवईवर पडतो. डोळा मिचकावला की दिग्दर्शक "कट!" सेक्रेटरी शेजारून शतपावली करत गेले. त्यांनी थेंब पाहिला. "छान इफेक्ट येतोय," म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

तेवढ्यात पुतणी किंचाळली, "लाइन तुटली!"

"लाइट गेली?" आजी.

लाइट नव्हती गेली. आधीच्या शॉटमध्ये डावीकडून येणारा खुनी आता उजवीकडून आला होता. खुनी आणि प्रेत यांना जोडणारी एक मनातली रेषा असते, कॅमेरा तिच्या पलीकडे नेला की असं होतं आणि प्रेक्षकाला वाटतं की खुनी परत घरी चालला. परत सगळं पहिल्यापासून. खुनी वरवंटा घेऊन सातव्यांदा आला तेव्हा आजींची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी माझे पाय निरखले आणि अगदी हळू, कोणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या,

"ह्याच्यासाठी कोणी रडायचं नाही का?"

काठीवाला मोबाइल ह्या वेळी चालू होता.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर फिल्म आली. अंधार. टपटप थेंब. मग माझे दोन तळवे, चार सेकंद. पडद्यावर मी एवढाच. पोटावर श्वास दिसतो म्हणून बाकीचा सगळा मी पोरांनी कापून टाकला. मग पूर्ण काळोख, त्यात आजींचा आवाज, "ह्याच्यासाठी कोणी रडायचं नाही का?" आणि फिल्मचं नाव. माझ्याही अंगावर काटा आला, ते मला नाकारता येत नाही. सर म्हणाले म्हणे, आवाजाने पोरांना तारलं. थेंबांचंही कौतुक झालं, त्यामुळे पाइपलाइनचा विषय आता ह्या वर्षी निघत नाही. श्रेयनामावलीत आजींचं नाव स्वतंत्र पाटीवर आहे. माझं "विशेष आभार"मध्ये, पार्किंगच्या खाली.

ग्रुपवर १७ मेसेज आले. १६ टाचांबद्दल. कोणी खोबरेल सुचवलं, कोणी व्हॅसलिन लावून वर मोजे घाला म्हणालं, एकाने साखर तपासून घ्यायला सांगितलं. सतरावा सेक्रेटरींचा, फरशीवरचे चॉकलेटचे डाग कोण पुसणार?

संध्याकाळी वॉचमनबरोबर आजींनी कागदात गुंडाळून भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा पाठवला. गावचा, अस्सल, साबणासारखा घट्ट. सोबत निरोप होता की गरम करून रात्री भेगांत भर, आणि वरवंटा अजून परत आलेला नाही.