मीठ-हळदीच्या पाण्यात कोथिंबीर बुडवली, मग जंतू गेले?

‘नदीचं पाणी कितीही घाण असू दे, जमीन ते गाळून घेते. उरलेले जंतू उन्हानं मरतात. तरीही शंका असेल तर भाजी दहा मिनिटं मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवा.’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात दोनदा आला.

जमीन गाळते, पण खाली झिरपणारं पाणी. पालक-कोथिंबीर असते वीतभर उंच. चिखल उडतो तो पानांवरच. पुण्याच्या खाली मांजरी-थेऊरकडे मुळा-मुठेतून मोटारीनं पाणी उचलतात. नदीत शहराचं सांडपाणी, दुसरं पाणी शेतकऱ्यानं आणायचं कुठून? मुळे आणि मेथी उपटल्यावर माती जावी म्हणून त्याच पाण्यात खळबळून घेतली, की जुडी टवटवीत दिसते आणि तुटलेल्या देठांची तोंडं जंतूंना आत शिरायला उघडीच असतात.

उन्हाचं थोडं खरं आहे. काढणीआधी काही दिवस पाणी तोडलं तर जंतू कमी होतात. पण पानाच्या खालच्या बाजूला किंवा कोबीच्या घडीत ऊन पोचत नाही.

आता मीठ. लिटरभर पाण्यात चमचाभर म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. आपल्या रक्तातच ०.९ टक्क्यांच्या आसपास क्षार असतात. आतड्यात मजेत राहणाऱ्या ई. कोलायला त्या अर्ध्या टक्क्यानं काय होणार? हळद तर पाण्यात धड विरघळतही नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुणं चांगलंच, पण क्लोरीनच्या पाण्यानंसुद्धा साधारण ९० ते ९९ टक्केच जंतू जातात. लाखातले हजार तरी उरतात, आणि ई. कोलायच्या काही घातक प्रकारांचे शंभरही पुरतात. पानांच्या रंध्रांतून आत शिरलेले वेगळेच.

२०१८ मध्ये अमेरिकेत यूमा भागातल्या रोमेन लेट्यूसमधल्या (सॅलडमध्ये कच्ची खातात ती पानं) ई. कोलायनं २१० जण आजारी पडले, ५ दगावले. तोच जंतू तिथल्या सिंचनाच्या कालव्यात सापडला. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावरच्या आंघोळीच्या पाण्याला कोलिफॉर्मची (ई. कोलाय ज्यात येतो त्या जंतूंच्या गटाची) मर्यादा आहे, १०० मिलिलिटरमागे ५००. सिंचनाच्या ‘ई’ वर्गात सामू, क्षार, सोडियम, बोरॉन एवढंच बघतात. जंतूंना रकानाच नाही!

जंतू मरतात ते शिजवल्यावर. (जड धातू मात्र शिजवूनही जात नाहीत, तो वेगळा विषय.) म्हणून पालकाच्या भाजीची मला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे पोह्यांवर शेवटी भुरभुरलेल्या कोथिंबिरीची. आमच्याकडे ती आता गॅस बंद करायच्या आधी, झाकण ठेवून वाफेत जाते. भेळेवरच्या हिरव्या चटणीचं काय करायचं, यावर घरात अजून भांडण चालू आहे.