‘मूठभर गप्पी सोडा’ म्हणणाऱ्यांना

पावसाळा लागला की तोच संदेश पुन्हा फिरायला लागतो: ‘विहिरीत, तळ्यात, ओढ्यात मूठभर गप्पी मासे सोडा. ते फक्त डासांच्या अळ्या खातात, कुणाला त्रास नाही. डेंग्यू-मलेरिया गायब!’ यातली विहीर तेवढी मला मान्य आहे.

‘फक्त अळ्या’ हे कुणी ठरवलं? गप्पी शेवाळ खातो, गाळातलं खातो, पाण्यातले बारीक जीव खातो, वेळ आली तर स्वतःची पिल्लंही सोडत नाही. त्यात अळी मिळाली तर तीही खातो, इतकंच.

डेंग्यूचं म्हणाल, तर एडिस डास ओढ्याकडे फिरकतच नाही. त्याला कूलर, कुंडीखालची ताटली, जुना टायर, गच्चीवर पडलेली करवंटी पुरते. करवंटीत मासा सोडणार? अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करायची. कंटाळवाणं आहे, पण लागू पडतं.

खरा घोळ ओढ्याचा. गप्पी आपला नाहीच. तो त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना भागातल्या नद्यांचा. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून त्याला हे नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आला. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि नराचं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणजे मूठभर कशाला, एक गाभण मादी निसटली तरी वसाहत उभी राहू शकते. जूनमध्ये ओढा फुगला, चढणीचे मासे वर निघाले, की तुमचे गप्पी कुठल्या शेतात, कुठल्या नदीत पोचतील ते तुम्हालाही कळणार नाही. वेचून परत काढता येत नाहीत.

शिवाय ओढ्यात हे काम करणारा आपला मासा आधीच असतो. कोकणातला पिकू बघा. बोटभर लांब, डोक्यावर चमकता ठिपका. काठावरून वाकून पाहिलं की आधी तो ठिपकाच दिसतो. तोंड वर वळलेलं, मुक्काम पाण्याच्या अगदी वरच्या थरात. डासांच्या बहुतेक अळ्या श्वास घ्यायला तिथेच येतात.

विहिरीत, बंद हौदात गप्पी खुशाल सोडा. शहरात मलेरिया पसरवणारा डास अशाच पाण्यात वाढतो. फक्त हौद ओसंडतो तिथे बारीक जाळी लावा. आणि घरातली काचेची टाकी आवरताना उरलेले मासे ‘बिचारे जगतील’ म्हणून ओढ्यात ओतू नका.