पावशा ओरडला म्हणून पेरू नका

मे महिना लागला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: पावशा ‘पेरते व्हा’ ओरडू लागला की आठ दिवसांत पाऊस येतो. चातक फक्त पावसाचे थेंब पितो, म्हणून त्याला पावसाची चाहूल आधी लागते. कोकिळा गाऊन वसंताची वर्दी देते. आपले पूर्वज हवामान खात्याला न विचारता या पाखरांच्या भरवशावर पेरत. आणि शेवटी सल्ला, ‘निसर्गावर विश्वास ठेवा, पेरणीला लागा.’

हा शेवटचा सल्ला नसता तर मजकूर सोडून देता आला असता. पण चुकीच्या दिवशी जमिनीत गेलेले बियाणे परत काढता येत नाही.

‘पावशा ओरडला की आठ दिवसांत पाऊस.’ पावशा पावसाबरोबर येणारा पाहुणा नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तो बारा महिने असतो. हिवाळ्यात तो गप्प असतो. राखाडी पाठ, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढब शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखी, त्यामुळे दिसला तरी लोक शिक्राच समजतात. फेब्रुवारी-मार्चपासून त्याला कंठ फुटतो. एप्रिल-मेमध्ये तो पहाटे, ढगाळ दुपारी आणि चांदण्या रात्रीही ओरडतो. तीन सुरांचा तुकडा, प्रत्येक फेरीला चढत जाणारा, शिगेला पोचला की एकदम तुटणारा. पावसाळा लागल्यावरही हे चालूच राहते.

आता हिशेब करा. जो पक्षी मार्चपासून जुलैपर्यंत जवळजवळ रोज ओरडतो, त्याच्या ओरडण्यानंतर आठ दिवसांत पाऊस ‘आला’ असे जूनमधल्या कोणत्याही पावसाबद्दल म्हणता येते. एप्रिलमध्ये तो ओरडला आणि पाऊस आला नाही, ते दिवस कोणी मोजत नाही. हा दाखला कधीच खोटा ठरत नाही तो एवढ्यासाठीच, आणि त्याचा उपयोगही त्यामुळेच नाही. 2023 मध्ये मान्सून मुंबईत 25 जूनला पोचला. 2025 मध्ये 26 मे रोजी. बरोबर एक महिन्याचा फरक. पावशाचा गळा मात्र दोन्ही वर्षी उन्हाळ्यातच सुरू झाला होता.

मग तो ओरडतो कशासाठी? ओरडणारा नर असतो. हद्द राखणे आणि मादीला बोलावणे हे त्याचे काम. 22 डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो. मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे 11 तासांपासून जूनमध्ये सव्वातेरा तासांपर्यंत वाढतो. या वाढत्या उजेडाने पक्ष्यांच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते. पावशाच्या बाबतीत आणखी एक अट आहे: तो घरटे बांधत नाही. मादी आपले निळे अंडे सातभाईंच्या घरट्यात घालते, कारण सातभाईंची अंडीही निळी असतात. म्हणजे सातभाई घरटी करत असतील तेव्हाच पावशाची वीण जमते. सातभाईंची वीण पिलांना भरवायला किडे-अळ्या कधी मिळतील यावर बेतलेली, आणि किडे-अळ्या पावसावर. पावशा आणि पाऊस यांचे नाते खरे आहे, पण ते ऋतूंच्या मापाचे आहे. त्यातून अमुक एका आठवड्याचे भाकीत निघत नाही.

‘पेरते व्हा’ हे शब्दही आपल्या कानांनी घातले आहेत. हाच आवाज हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ असा ऐकू येतो आणि तिथे त्याचा पेरणीशी काही संबंध लावत नाहीत.

कोणी म्हणेल, पक्ष्यांना हवेचा दाब कळतो. काहींना कळतो. दाब झपाट्याने घसरला की काही पक्षी घाईने चरू लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पण ती वादळाच्या काही तास आधीची सूचना असते. वळवाच्या सरीआधी पावशा जास्त ओरडला तर त्यात नवल नाही. वळीव पडून गेला म्हणजे पेरणीचा पाऊस झाला असे मात्र नाही. उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या रानात वळवाचे पाणी भेगांत उतरते आणि दोन उन्हांत वरची माती पुन्हा कोरडी होते.

‘चातक फक्त पावसाचे थेंब पितो.’ चातकाचा दाखला पावशापेक्षा पुष्कळ बरा, हे आधी मान्य करायला हवे. दक्षिण भारतात चातक कायम राहतात. पण मध्य आणि उत्तर भारतात दिसणारे बहुतेक चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात, साधारण मे अखेर ते जूनमध्ये, नैऋत्येचे वारे पाठीशी घेऊन. देहरादूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटने 2020 मध्ये चातकांना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले, ते हाच प्रवास समजून घेण्यासाठी. म्हणजे काळापांढरा, तुरेवाला चातक माळावर नव्याने दिसला तर मान्सूनचे वारे जवळ आहेत असे म्हणायला आधार आहे.

वारे जवळ असणे आणि तुमच्या शिवारात ओल होणे यात मात्र अंतर आहे. 2025 मध्येच पाहा: 26 मेला मान्सून मुंबईत, आणि नंतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याच्या मोठ्या भागात पावसाची ओढ. 2023 मध्ये दक्षिण कोकणात 11 जूनच्या सुमारास पोचलेला मान्सून बिपरजॉय वादळाच्या काळात तिथेच रेंगाळला. आलेला चातक अशा ओढीत परत जात नाही, तो इथेच असतो. त्याच्याकडे पाहून ओढ कळत नाही.

थेंबांची गोष्ट काव्यात शोभते. चातक केसाळ अळ्या आणि किडे खातो, आणि अळीच्या वजनात बहुतांश पाणीच असते. त्याची बरीचशी तहान खाण्यातूनच भागते, म्हणून तो पाणवठ्यावर क्वचित दिसतो.

‘कोकिळा गाते.’ गातो तो नर: काळा, लाल डोळ्यांचा कोकीळ. ठिपकेदार तपकिरी मादी फक्त ‘किक् किक् किक्’ करते. त्याचा मोसम कावळ्यांच्या घरट्यांना बांधलेला आहे, कारण कोकिळेची अंडी तिथे उबवली जातात. कोकीळही आपल्याकडे बारमाही आहे. चैत्राच्या सुमारास तो गातो हे निरीक्षण अगदी योग्य. त्यापुढे पावसाचा निष्कर्ष काढायला जागा नाही.

‘पूर्वज पक्ष्यांवरच पेरत.’ हे म्हणणे पूर्वजांवर अन्याय करणारे आहे. ते नक्षत्रे धरत: रोहिणी 25 मेच्या आसपास, मृग 7-8 जून, आर्द्रा 21-22 जून. आणि नक्षत्र लागले तरी ओल बघूनच तिफण धरत. कोकणात रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भाताची रोपे टाकतात, पण ती रोपवाटिकेपुरती, आणि तिथला पाऊस भरवशाचा म्हणून. पावशा ओरडतो तो काळ नांगरट, कुळवणी, शेणखत पसरणे, बियाणे निवडणे यांचा. ‘तयारीला लागा’ एवढाच अर्थ घेतला तर हाक अगदी वेळेवर येते. ती तशी जपली जावी असे मनापासून वाटते.

पेरणीचा दिवस ठरवायला मात्र दुसरी मापे आहेत. तीन-चार दिवसांत मिळून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. तालुक्याचा आकडा तुमच्या रानाचा नसतो, म्हणून स्वतः मोजा. सपाट बुडाची, सरळ उभ्या भिंतींची बरणी उघड्यावर ठेवा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बरणी हवी. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची खोली मोजून पाणी ओतून द्या. जितके मिलिमीटर खोली, तितका पाऊस. घमेले किंवा बादली वापरू नका: तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्याने आकडा फुगतो. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत तो कमी भरतो.

मग ओल तपासा. एक वीत खणून तळची माती मुठीत दाबा. गोळा झालाच नाही तर ओल कमी. गोळा होऊन हाताला चिकटला तर थांबा. गोळा होतो आणि कंबरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटतो, तेव्हा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आहे.

अर्धवट ओलीचा फटका सोयाबीनला सर्वांत जास्त बसतो. त्याचे साल पातळ, आणि उगवायला दाण्याला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषावे लागते. वरच्या बोटभर ओलीवर दाणा फुगतो, कोंब हलतो, आणि खालून पाणी न मिळाल्याने तिथेच कुजतो किंवा वाळतो. दुबार पेरणी बहुधा अशीच ओढवते. थांबण्याच्या दिवसांत उगवण तपासून घ्या: 100 दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि सात दिवसांनी मोजा. 70 किंवा जास्त निरोगी कोंब आले तर एकरी 30 किलो पुरते. कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. पेरताना 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नका, नाहीतर जोराच्या सरीनंतर जमिनीवर पापडी धरली की खोलवरचा कोंब तिच्याखाली मोडतो.

थांबायला वेळ आहे. सोयाबीन साधारण 15 जुलैपर्यंत पेरता येते. मूग-उडीद मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे नेऊ नका. त्यानंतरही पाऊस नसेल तर ते पीक बदललेले बरे.