ठेव मोडायची नसते

ज्ञातीच्या वसतिगृहाचं खजिनदारपद तुमच्याकडे चालून आलं, त्याबद्दल आधी अभिनंदन. चालून आलं म्हणजे वार्षिक सभेत तुम्ही वडा संपवून हात पुसायला कागद शोधत उठलात आणि अध्यक्षांनी ते पाहिलं. टाळ्या झाल्या. मीही असाच झालो होतो. तीन वर्षं टिकलो, तेवढ्या भांडवलावर हा सल्ला. जे तीस वर्षं टिकले त्यांचा सल्ला जास्त मोलाचा, पण ते तो कुणाला सांगत नाहीत.

पहिली गोष्ट, पदाच्या आधी 'मानद' लावायला विसरू नका. मानद म्हणजे पगार नाही आणि पगार नाही म्हणजे जाब नाही. कुणी पावतीपुस्तकाबद्दल विचारलंच तर 'आम्ही इथे लष्कराच्या भाकऱ्या भाजतो' एवढं म्हणायचं आणि चष्मा काढून पुसायचा. विचारणारा ओशाळतो. वीजबिलाची चौकशी करणाऱ्यालाही हेच उत्तर चालतं.

भाषण करावं लागेल. सुरुवात कोल्हापूरपासून करा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं आणि कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणू लागले. हे सगळं खरं आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. तो असतानाच थेट आपल्या कोनशिलेवर या. मधे गळकी गच्ची लागते, ती वळसा घालून टाळा.

आता पैसा. मावळते खजिनदार तुमच्या हाती एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा देतील. आत मुदत ठेवींच्या पावत्या, तारीखवार, क्लिपा लावून. मला डबा मिळाला तेव्हा आत बेचाळीस लाखांच्या पावत्या होत्या आणि वर कापूर ठेवला होता. कसर लागू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. मला मात्र तो दुसऱ्याच कारणासाठी ठेवल्यासारखा वाटला. त्यांनी डबा हातात देताना एकच वाक्य म्हटलं, 'ठेव मोडायची नसते.' सत्तावीस वर्षांच्या कारकिर्दीचा निचोड!

आता यातली बारीक मेख समजून घ्या. कायम निधीचं मुद्दल वापरायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हे सगळ्या सभासदांना पाठ असतं. इमारत निधी मात्र इमारतीवर खर्च करायलाच गोळा केलेला असतो, हे कुणाच्या लक्षात नसतं. दोन्ही पावत्या एका डब्यात ठेवल्या की प्रश्न मिटतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा सहा लाखांचा अंदाज येतो, ठेव मोडायची नसते, आणि गच्ची पुढच्या पावसाळ्यावर जाते.

प्राप्तिकर खातं मधे कडमडतं. करसवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च करा, नाहीतर कारण लिहून पाच वर्षांसाठी राखून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. घाबरू नका. कारणाच्या रकान्यात 'इमारत दुरुस्ती' लिहा. कारण अस्सल आहे, वर पाहिलं तर दिसतंच. पाच वर्षांत खर्च झाला नाही तर ती रक्कम करपात्र होते, पण पाच वर्षांनी खजिनदार कोण असेल? तुम्हीच असाल, पण तोवर विसरलेले असाल.

ठेव कुठे ठेवावी? सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे गुंतवावा हे कायद्यात लिहिलेलं आहे आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय पतसंस्था त्यात बसत नाही. परंतु पतसंस्थेचे चेअरमन आपल्या ज्ञातीचे असतात, अर्धा टक्का जास्त देतात आणि दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नसतो. पुडा मात्र असतो.

मुलांची फी वाढवू नका. महिना बाराशे रुपयांत आजकाल सायकलसुद्धा कुणी ठेवू देणार नाही, पण प्रत्येक मुलाचा एक काका सभासद असतो आणि काकाला मत असतं. मुलाला नसतं. तूट भरून काढायला तळमजल्याचं मंगल कार्यालय आहेच. फक्त एक लक्षात असू द्या, लग्नाच्या तिथी आणि परीक्षेच्या तारखा दर वर्षी एकाच वेळी येतात, पंचांग आणि विद्यापीठ यांचा काहीतरी करार असावा. त्या दिवसांत मुलांनी मागच्या दाराने जायचं आणि बँडच्या तालावर अर्थशास्त्र वाचायचं. आमच्या वेळी एकाला बीकॉमच्या पेपरात 'मागणीचा नियम' लिहिताना मधेच शुभमंगल सावधान आठवलं. पास झाला. आज तोच हॉलचं बुकिंग बघतो.

इथे एक गंभीर गोष्ट सांगून टाकतो, उपरोध दोन मिनिटं बाजूला ठेवून. तुम्ही चोर नसाल. तुमच्या आधीचेही नव्हते. ते धर्मादाय कार्यालयात जायचे ते स्वतःच्या खिशातून रिक्षाचे पैसे देऊन, व्हाउचर लिहायचे पाठकोऱ्या कागदावर आणि कीर्दीत एक रुपया इकडचा तिकडे नसायचा. चोर असते तर निदान गच्चीचं कंत्राट तरी काढलं असतं.

असो. फेरफार अहवालाचं काय, असं कुणीतरी विचारेल. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचं असतं. आपण कळवत नाही. कळवलं की दुसरा गट हरकत घेतो, हरकत घेतली की तारखा पडतात. त्यामुळे आमच्या संस्थेच्या दप्तरी नोंद असलेल्या सात विश्वस्तांपैकी चौघे अजूनही प्रत्येक सभेला हजर असतात. भिंतीवर, हार घालून. उरलेल्या तिघांपैकी एक न्यू जर्सीला मुलाकडे, एकांना ऐकू येत नाही आणि तिसरे अध्यक्ष. यापेक्षा एकमताने चालणारं मंडळ तुम्हाला कुठे मिळणार नाही.

तरुण रक्ताची भीती बाळगू नका. 'तरुणांनी पुढे यावं' हे आपल्या अहवालाचं शेवटचं वाक्य असतं, छापून ठेवलेलं. एखादा खरंच लॅपटॉप घेऊन पुढे आला, घसाऱ्याबद्दल विचारू लागला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा आणि त्याला गुणगौरव समारंभाच्या खुर्च्यांची जबाबदारी द्या. दोन समारंभांत तो बंगळुरूला बदली मागून घेतो.

राहिली सभा. वेळ चारची. गणपूर्ती नसते. मग सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, त्याच माणसांत, गणपूर्तीची अट न ठेवता पुन्हा भरवायची. वडे त्या अर्ध्या तासासाठीच असतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करा, घाईने वाचा, त्यात गच्ची आहे. लेखापरीक्षक ज्ञातीतलेच, तेही मानद, त्यामुळे अहवाल 'छपाईत आहे'.

माझ्या शेवटच्या सभेत आयत्या वेळच्या विषयात रेक्टर उभे राहिले. खोली क्रमांक अकरामध्ये पलंग सरकवायला आता जागा उरली नाही, असं म्हणाले. चर्चा पाऊण तास झाली. ठेव मोडण्याचा विषय निघताच भिंतीवरच्या चौघांकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं. मग तोडगा निघाला. मोठ्या आकाराच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या, झाकणाविना, तीन दुकानांतून दरपत्रकं मागवून खरेदी कराव्यात. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक कोण होते ते सांगत नाही. अनुमोदक मी.

दरपत्रकं तुमच्या डब्यात आहेत, कापराखाली. एकाच दुकानाचं यायचं राहिलं आहे.