लोकरीच्या गालिच्यावर फेस का नव्हता? दोन स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडे कामाला असलेल्या मुलांनी गालिचा धुताना त्यावर ‘नुसतं पाणी मारलं’, फेस झाला नाही, सुगंध आला नाही, हळदीचा डाग फिकट का होईना पण राहिलाच, आणि गेल्या वर्षी दुसऱ्याने अर्ध्या पैशांत शॅम्पूने चकाचक करून दिला होता, असं तुम्ही लिहिलंय. पैसेही परत मागितलेत. त्या दिवशी कामावर मी स्वतः होतो, म्हणून उत्तर मीच देतो.

गालिचा उलगडल्यावर आम्ही आधी लवेचा एक तंतू उपटून जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली. म्हणजे अस्सल लोकर. नायलॉन असतं तर वितळून टोकाला कडक गोळी झाली असती. कोणतं सोल्युशन वापरायचं ते या एका तंतूवर ठरतं. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं. तिला साधारण 5 ते 8.5 पीएचमधलंच सोल्युशन चालतं (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर साबण-सोड्यासारखी अल्कली). त्याहून जास्त अल्कली लागली तर ती राठ होते, पिवळी पडते. साधं घरगुती ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. ऑफिसातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याच्या कार्पेटवर आम्हीही 10 च्या आसपास पीएचचं सोल्युशन मारतो आणि शेवटी सौम्य आम्लाच्या पाण्याने धुऊन घेतो. तिथे ते योग्यच आहे. दूध, अंडं, रश्शाच्या डागांवर एन्झाइमचं सोल्युशन छान काम करतं, पण त्यातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम डाग आणि लोकर यांत फरक करत नाही. ‘सगळ्या कार्पेटना एकच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅनवर माझा भरवसा नाही तो यामुळेच.

आता फेस. तुमच्या गालिच्यावर पहिला हात आम्ही मुद्दाम साध्या पाण्याचा फिरवला होता. त्यात एक थेंबही सोल्युशन नव्हतं, तरी मशीनच्या टाकीत वीतभर फेस आला. तो तुम्हालाही दाखवला होता. तो गेल्या वर्षीचा शॅम्पू होता, लवेच्या मुळाशी तसाच राहिलेला. त्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवली तर 9 च्या पुढचा रंग आला. असा राहिलेला साबण चिकट असतो, चपलांची धूळ धरून ठेवतो. सोफ्यासमोरचा पट्टा धुतल्यावर लगेच मळतो अशी तुमची तक्रार होती, त्याचं कारण हेच. मळ फेसाने निघत नाही. तो सुटा करून पाण्यासकट ओढून घ्यावा लागतो, म्हणून आमचा निम्मा वेळ शॅम्पू काढण्यात गेला. दरही त्या वेळेचाच आहे.

हळदीच्या डागाबद्दल सविस्तर सांगायला हवं. साडीवर वरणाचा पिवळा डाग पडला आणि साबण लावला की तो लालसर होतो, हे आपल्या घरोघरी पाहिलेलं आहे. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, तेही याच गुणावर. तुमचा डाग मुलांनी उघडला तेव्हा तो विटकरी होता, पिवळा नव्हता. सौम्य आम्लाच्या पाण्याने तो पुन्हा पिवळ्यावर आला आणि नंतर बराच फिका झाला. याच्या पुढचं औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, रंग उडवणारं रसायन. पण गालिच्याच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबलं तर त्यावर गुलाबी उमटलं, म्हणजे मरून रंग कच्चा आहे. तिथे पेरॉक्साइड लावलं असतं तर हळद गेली असती आणि तिच्या जागी फिकट चट्टा राहिला असता. डाग पुढे कधी तरी काढता येतो, उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून मी तिथेच हात थांबवला, आणि तुमच्या यजमानांना विचारून थांबवला.

सुगंध आम्ही घालत नाही. धुतलेल्या लोकरीला कसलाच वास यायला नको. आला, तर आत काहीतरी राहिलंय.

पैसे परत करणं मला पटत नाही, कारण जे काम ठरलं होतं ते पूर्ण झालंय. डागासाठी मात्र पुन्हा येईन, त्याचे पैसे नाहीत. हळदीचा रंग उन्हाने उडतो. तेव्हा बाकीचा गालिचा जाड चादरीने झाका, नाहीतर मरून रंगही उडेल, आणि फक्त डागाचा भाग चार-पाच दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. रोज बघत राहा, आजूबाजूचा रंग फिकट वाटला तर लगेच आत घ्या. मग फोन करा, मी येऊन बघतो. तोवर त्यावर साबण, सोडा किंवा डिटर्जंट काहीही लावू नका, डाग परत लाल होईल.